सज्जतेची खूण : तातडीच्या वैद्यकीय उपकरणांवरील स्थितिदर्शकांचा इतिहास

१

भिंतीवरील काचेच्या कपाटात ठेवलेला स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘एईडी’ म्हणतात ते यंत्र, आपल्या आयुष्याचा बहुतेक सर्व काळ काहीही न करता घालविते. त्याच्या दर्शनी भागावर एक लहानसा हिरवा दिवा काही क्षणांच्या अंतराने लुकलुकत असतो. यंत्र सज्ज आहे, एवढे एकच विधान तो दिवा वर्षानुवर्षे करीत राहतो. ज्या दिवशी कोणी माणूस त्या कपाटासमोर कोसळतो, त्या दिवशी त्या विधानाची खरी परीक्षा प्रथमच होते. आणि ते असत्य ठरल्यास दुरुस्तीस अवसर उरलेला नसतो. हृदयाच्या निलयांचे स्वैर स्फुरण सुरू झाल्यावर कोणताच उपचार न मिळाल्यास, रोगी वाचण्याची शक्यता प्रत्येक मिनिटागणिक साधारणतः ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे मानले जाते. म्हणजे त्या लहानशा दिव्याने केलेले विधान हे शब्दशः जीवनमरणाचे विधान होय.

अशा दिव्यास, अथवा त्याच्या जागी असणाऱ्या आकृतीस, काट्यास किंवा ध्वनीस स्थितिदर्शक म्हणता येईल. स्थितिदर्शक हे एक चिन्ह आहे, आणि कोणत्याही चिन्हाप्रमाणे त्याच्याविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात : चिन्ह आणि त्याने सूचित केलेली वस्तुस्थिती यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि चिन्ह नसते तेव्हा त्या नसण्याचा अर्थ काय घ्यावयाचा. हे प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्रास अपरिचित नाहीत. नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान कसे होते याची चर्चा करताना धुरास ‘लिंग’ म्हटले, आणि जेथे धूर तेथे अग्नी या अव्यभिचारी साहचर्यास ‘व्याप्ती’ हे नाव दिले. ही व्याप्ती निसर्गसिद्ध आहे. अग्नीवाचून धूर संभवत नाही. हिरवा दिवा आणि यंत्राची सज्जता यांच्यात असा कोणताही निसर्गसिद्ध संबंध नाही. दिवा लागण्यास यंत्र सज्ज असावे लागत नाही. केवळ दिव्यापुरती वीज असली तरी पुरते. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घटाचा अभाव कळतो. मात्र घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. ही अट सुटली की न दिसणे हे नसण्याचे प्रमाण राहत नाही. अंधारात घट न दिसल्याने घट नाही असे ठरत नाही.

तातडीच्या वैद्यकीय उपकरणांवरील स्थितिदर्शकांचा इतिहास हा या दोन प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. सांकेतिक चिन्हाच्या ठिकाणी निसर्गसिद्ध चिन्हाची विश्वसनीयता कशी आणावी, आणि चिन्हाच्या अभावास निश्चित अर्थ कसा द्यावा, याचा शोध यंत्रकारांनी घेतला. तो शोध कोठपर्यंत पोहोचला आणि कोठे थांबला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हा प्रश्न वैद्यकात उपस्थित होण्यापूर्वी तो लोहमार्गावर उपस्थित झाला होता, आणि त्याचे पहिले उत्तरही तेथेच मिळाले. म्हणून आरंभ तेथून करणे उचित होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील आगगाड्यांच्या सिग्नलांवर तांबडा दिवा ‘थांबा’ असे सांगे, हिरवा दिवा ‘सावध’ असे सांगे, आणि पांढरा दिवा मार्ग मोकळा असल्याचे सांगे. हिरवा म्हणजे निर्धोक हा संकेत आज इतका अंगवळणी पडला आहे की तो अनादी वाटतो. वस्तुतः तो त्यानंतरचा आहे. पांढऱ्या दिव्याच्या संकेतात एक खोल दोष होता. तांबडी काच फुटली किंवा गळून पडली, तर मागच्या ज्योतीचा पांढरा प्रकाश तसाच बाहेर येई आणि ‘थांबा’ म्हणणारा सिग्नल ‘या’ म्हणू लागे. दूरच्या एखाद्या घरातील दिवाही निर्धोकतेची खूण म्हणून वाचला जाण्याचा संभव असे. म्हणजे चिन्हातील बिघाड आणि निर्धोकतेचे चिन्ह यांचे रूप एकच होते.

दुसरा दोष सिग्नलाच्या हातांच्या रचनेत होता. अनेक मार्गांवर सिग्नलाचा हात एरवी ‘मोकळा’ या स्थितीत ठेवीत, आणि धोका असेल तेव्हाच तो आडवा करीत. २१ जानेवारी १८७६ रोजी ग्रेट नॉर्दर्न लोहमार्गावर ॲबट्स रिप्टन येथे मोठे हिमवादळ झाले. खांबाच्या खाचेत उतरलेले सिग्नलांचे हात बर्फाने गोठून तेथेच अडकले. सिग्नलवाल्याने तरफ ओढली तरी हात उठला नाही आणि मार्ग मोकळा असल्याची खूण तशीच राहिली. स्कॉटलंडहून लंडनकडे येणारी जलद गाडी कोळशाच्या मालगाडीवर आदळली, आणि थोड्याच वेळात उलट दिशेने येणारी दुसरी जलद गाडी त्या भग्नावशेषांवर येऊन धडकली. या अपघाताच्या चौकशीनंतर सिग्नलाची स्वाभाविक स्थिती ‘धोका’ हीच असावी, आणि गाडी येण्यास हरकत नसेल तेवढ्यापुरताच तो ‘मोकळा’ करावा, ही पद्धती रूढ झाली. पुढील दोन दशकांत पांढऱ्याची जागा हिरव्याने घेतली.

याच्या थोडे आधी, १८७२ मध्ये, अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने रुळांमधून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहावर चालणाऱ्या सिग्नलयोजनेचे एकस्व घेतले होते. त्या योजनेत रुळांतून सतत वाहणारा क्षीण प्रवाह सिग्नलास ‘मोकळा’ या स्थितीत धरून ठेवी. गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह त्यांच्यातून वळे आणि सिग्नल ‘धोका’ दाखवी. परंतु रूळ तुटला, तार निखळली अथवा बॅटरी संपली, तरीही सिग्नल ‘धोका’च दाखवी. या रचनेचे महत्त्व ध्यानात घेणे अगत्याचे आहे. येथे निर्धोकतेचे विधान फुकट मिळत नाही. ते करण्यासाठी संपूर्ण यंत्रणेस क्षणोक्षणी श्रम करावे लागतात. श्रम थांबले की विधान आपोआप मागे घेतले जाते. व्याप्ती निसर्गाने दिली नसली, तरी रचनेने ती निर्माण करता येते, हे यावरून प्रथमच स्पष्टपणे सिद्ध झाले.

३

वैद्यकात हाच धडा शस्त्रक्रियागृहात नव्याने शिकावा लागला. भूल देण्याच्या यंत्रातून रोग्यास ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड यांचे मिश्रण दिले जात असे. दोहोंचा पुरवठा नळकांड्यांतून होई. ऑक्सिजनचे नळकांडे संपले आणि नायट्रस ऑक्साइड चालू राहिला, तर रोगी प्राणवायूवाचून राही. दाबमापकाचा काटा ही वार्ता सांगत असे. पण काटा बोलत नाही, त्याच्याकडे पाहावे लागते. भूल देणारा वैद्य त्याच वेळी रोग्याची नाडी, श्वास आणि वर्ण यांकडे पाहत असतो.

१९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘बोसन’ नावाचे एक सूचक साधन वापरात आले. ऑक्सिजनचा दाब उतरला की एक तांबडा दिवा लागे आणि एक शिटी वाजे. कल्पना उत्तम होती. परंतु दिवा बॅटरीवर चाले आणि शिटी नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहावर वाजे. बॅटरी संपलेली असेल किंवा काढून ठेवलेली असेल, तर दिवा लागत नसे. नायट्रस ऑक्साइड बंद असेल किंवा तोही संपला असेल, तर शिटी वाजत नसे. मग वैद्यास केवळ शांतता ऐकू येई आणि तो तिचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेई. ही अंधारातील घटासारखीच स्थिती होय. धोका असता तर शिटी वाजलीच असती, असे म्हणण्यास आधार नव्हता. म्हणून शिटी न वाजणे हे धोक्याच्या अभावाचे प्रमाण नव्हते. एखादे सूचक साधन नसणे हे पुष्कळदा सदोष सूचक साधन असण्याहून कमी घातक असते, कारण साधन नसेल तर माणूस निदान काट्याकडे पाहत राहतो.

१९६० च्या दशकात न्यूझीलंडमधील भूलतज्ज्ञ जॉन रिची यांनी सुचविलेल्या शिटीने हा दोष दूर केला. तिची रचना अशी की ऑक्सिजनचा दाब पुरेसा असेपर्यंत तोच दाब शिटीचे दार बंद ठेवतो. दाब उतरू लागला की दार उघडते आणि उरलासुरला ऑक्सिजनच शिटीतून वाहून तिला वाजवितो. येथे सूचनेस लागणारी शक्ती दुसऱ्या कोणाकडून उसनी घेतलेली नाही. ज्या वस्तूचा अभाव सांगावयाचा, तीच वस्तू संपता संपता आपला अभाव सांगते. धूर जसा अग्नीतूनच निघतो, तशी ही शिटी ऑक्सिजनमधूनच निघते. पुढे भूलयंत्रांच्या मानकांनी हे तत्त्व स्वीकारले. सूचनेची शक्ती केवळ ऑक्सिजनच्या दाबातूनच यावी, ती किमान ७ सेकंद वाजावी, एक मीटर अंतरावर तिची तीव्रता किमान ६० डेसिबल असावी, पुरवठा पूर्ववत् झाल्यावाचून ती बंद करता येऊ नये, आणि त्याच वेळी नायट्रस ऑक्साइडचा मार्ग आपोआप तुटावा, अशा अपेक्षा त्यांत आढळतात. शेवटच्या अपेक्षेत एक नवे पाऊल आहे. चिन्ह वाचले जाईलच असा भरवसा न धरता यंत्रानेच कृती करावी, ही कल्पना तेथे प्रथम डोकावते.

४

डिफिब्रिलेटरचा प्रश्न मात्र याहून वेगळा आणि अधिक अवघड निघाला. १९४७ मध्ये क्लीव्हलँड येथे क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रिया चालू असताना एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयास विजेचा धक्का देऊन ते पूर्ववत् केले. १९५६ मध्ये बोस्टन येथे पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देण्याचे यश प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी एकदिश प्रवाहाचा धक्का प्रचारात आणला. या सर्व अवस्थांत यंत्र रुग्णालयात, तज्ज्ञाच्या हाताखाली असे. त्याच्यावरील दर्शकांचे काम यंत्र चालू आहे किंवा नाही, धक्क्यासाठी लागणारी शक्ती साठली किंवा नाही, एवढेच सांगण्याचे होते. वाचणारा जाणता होता आणि वाचण्याचा क्षण हाच कृतीचाही क्षण होता.

१९६६ मध्ये बेलफास्ट येथे फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत चढविला. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते पहिले यंत्र सुमारे ७० किलोग्रॅम वजनाचे होते. यंत्र रोग्याकडे जाऊ लागले, तसे ते तज्ज्ञापासून दूर जाऊ लागले. १९७९ मध्ये ओरेगॉनमधील डायॅक, वेलबॉर्न आणि रूलमन यांनी हृदयाची लय स्वतः ओळखून धक्का देणाऱ्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९० च्या दशकात अशी यंत्रे लहान, हलकी आणि बोलून सूचना देणारी झाली. ती किती सुगम झाली होती याचा एक दाखला १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मिळतो. कृत्रिम पुतळ्यावरील चाचणीत इयत्ता सहावीतील, कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या १५ मुलांना धक्का देण्यापर्यंत पोहोचण्यास सरासरी ९० सेकंद लागले, तर २२ प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना ६७ सेकंद लागले. वापरताना लागणारी चिन्हे स्पष्ट करण्याचे कार्य येथे बव्हंशी सिद्धीस गेले होते, असे म्हणावयास हरकत नाही. लास व्हेगास येथील जुगारगृहांतील सुरक्षारक्षकांच्या हाती दिलेल्या यंत्रांविषयीचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोसळल्यापासून ३ मिनिटांच्या आत पहिला धक्का मिळालेल्यांपैकी ७४ टक्के, आणि त्यानंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के लोक वाचल्याचे आढळले.

पण यंत्र सामान्य माणसाच्या हाती गेले, तेव्हा दर्शकाचे कार्यच पालटले. रुग्णालयातील यंत्र वारंवार वापरले जाते, आणि वापर हीच त्याची परीक्षा असते. भिंतीवरील यंत्र कदाचित पाच वर्षे कोणी हाती घेत नाही. त्याची बॅटरी हळूहळू झिजते, छातीस चिकटवावयाच्या पट्ट्यांवरील लेप सुकतो, आणि या सर्व गोष्टी कोणाच्याही दृष्टीस न पडता घडतात. १९९० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने डिफिब्रिलेटरांच्या अपयशांचा आढावा घेतला, तेव्हा हाताळणीतील आणि निगेतील उणिवा हे मोठे कारण असल्याचे दिसून आले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पाळीच्या आरंभी तपासणीची यादी भरण्याचा आग्रह धरण्यात आला. परंतु रुग्णवाहिकेस पाळी असते, विमानतळाच्या भिंतीस नसते.

म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या लहान यंत्रांनी ही तपासणी स्वतःकडे घेतली. यंत्र ठरावीक काळाने स्वतःच जागे होई, आपल्या विद्युन्मंडलांची व बॅटरीची चाचणी घेई आणि निकाल बाहेरील दर्शकावर मांडी. त्या काळातील एका यंत्रावर सज्जतेसाठी वाळूच्या घड्याळाची काळी आकृती लुकलुके. चाचणी अयशस्वी झाल्यास अथवा बॅटरी पुरती संपल्यास त्या ठिकाणी तांबडी फुली दिसे. फुली दाखविण्यास शक्ती लागत नसे. उलट ती झाकून ठेवण्यास लागत असे. रॉबिन्सनच्या सिग्नलाचे तत्त्व येथे सव्वाशे वर्षांनी वैद्यकात अवतरलेले दिसते. यंत्र मृत झाले तर त्याचे मौन ‘सज्ज’ असे न वाचले जाता ‘असज्ज’ असेच वाचले जावे, अशी व्यवस्था त्यात आहे. हिरवा दिवा स्थिर न ठेवता लुकलुकता ठेवण्यातही हाच विचार आहे. लुकलुकणे ही क्रिया आहे. ती चालू असणे हे आतील घड्याळ जिवंत असल्याचे लिंग होय. बॅटरीची बचत हा त्याचा दुसरा लाभ.

तरीही अनुपलब्धीचा प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. काही सेकंदांनी एकदाच लुकलुकणारा दिवा घाईने जाणाऱ्या माणसास दिसतोच असे नाही. म्हणून तो न दिसणे आणि तो बंद असणे यांतील भेद थांबून पाहिल्यावाचून कळत नाही. बॅटरी क्षीण झाल्यावर चिवचिवणाऱ्या यंत्रांची अडचण याहून सूक्ष्म आहे. चिवचिवाट उरलेली बॅटरी खातो, आणि ती संपली की यंत्र गप्प होते. सुट्टीच्या दिवसांत ओसाड इमारतीत ते चिवचिवले असेल, तर परतलेल्यांना केवळ शांतता भेटते. निरोगी यंत्रही गप्प आणि मृत यंत्रही गप्प, अशी बोसनच्या शिटीची जुनी आपत्ती येथे पुन्हा उद्भवते.

५

दर्शकाची व्याप्ती दृढ करण्याबरोबरच त्याची भाषा ठरविण्याचाही प्रयत्न चालू होता. वैद्यकीय विद्युत्-उपकरणांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्या मानकमालिकेच्या संकेतानुसार तांबडा दिवा तत्काळ कृतीची निकड सांगतो, पिवळा लक्ष देण्याची गरज सांगतो, आणि हिरवा वापरास सिद्ध असल्याचे सांगतो. २००३ मध्ये धोकासूचनांसाठी स्वतंत्र मानक निघाले. त्यात रंगाच्या जोडीस लयही बांधून दिलेली आहे : सर्वोच्च निकडीचा तांबडा दिवा सेकंदास १.४ ते २.८ वेळा लुकलुकावा, मध्यम निकडीचा पिवळा ०.४ ते ०.८ वेळा, आणि कनिष्ठ निकडीचा दिवा स्थिर असावा.

रंगास लयीची जोड देण्याचे कारण पुन्हा लोहमार्गाकडे नेते. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. उप्साला येथील शरीरशास्त्रज्ञ फ्रितियोफ होल्मग्रेन यांनी रंगांधत्व हे तिचे संभाव्य कारण मानले, आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडण्याची आपली चाचणी रेल्वे-कर्मचाऱ्यांसाठी प्रचारात आणली. तो अपघात खरोखर रंगांधत्वाने घडला होता की नाही, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका व्यक्त केली आहे. परंतु तांबडा-हिरवा भेद न कळणारे लोक आहेत, ही गोष्ट निर्विवाद आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. रेल्वेने अशा माणसास नोकरीबाहेर ठेवून प्रश्न सोडविला. सार्वजनिक ठिकाणी ठेवलेल्या यंत्रास तो मार्ग मोकळा नाही. तेथे वाचणाऱ्याची निवड करता येत नाही. म्हणून चिन्हच अधिक संपन्न करावे लागते. एकच अर्थ रंग, आकार, लय आणि ध्वनी यांनी वेगवेगळा सांगावा, हे तत्त्व त्यातून आले. भाषेतही एकच व्याकरणिक अर्थ अनेक ठिकाणी चिन्हित होतो. ‘त्या मुली आल्या’ या वाक्यात अनेकवचन तीन वेळा सांगितलेले आहे, आणि गोंगाटात एक शब्द ऐकू आला नाही तरी अर्थ निसटत नाही. अशी पुनरुक्ती हा भाषेचा दोष नसून तिचे संरक्षण होय.

आकारांचीही स्वतःची बोली असते. बरोबरची खूण आणि फुली ही जोडी भारतीय विद्यार्थ्यास वर्गातील वहीवरून परिचित आहे. जपानमध्ये मात्र बरोबर उत्तरास वर्तुळ करतात, आणि आपण ज्यास बरोबरची खूण म्हणतो ती तेथे पुष्कळदा चुकीच्या उत्तरावर केली जाते. रंगांचीही तीच गोष्ट. वैद्यकीय ऑक्सिजनचे नळकांडे अमेरिकेत हिरवे असते, तर भारतात ते काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या खांद्याचे असण्याची रीत आहे. म्हणून एका देशातील यंत्र दुसऱ्या देशात नेताना त्याच्या चिन्हांचाही विचार करावा लागतो. यंत्राची जागा दाखविणाऱ्या फलकापुरते एकमत २००८ मध्ये साधले. हिरव्या पार्श्वभूमीवर हृदय आणि त्यातील विजेची आकृती असलेले चिन्ह त्या वर्षी पुनरुज्जीवनविषयक आंतरराष्ट्रीय समितीने पुढे ठेवले. यंत्राच्या सज्जतेची खूण मात्र आजही उत्पादकागणिक भिन्न आढळते.

६

भाषा ठरली, रचना सुधारली, तरी हिरवा दिवा खोटे बोलल्याचे प्रसंग थांबले नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९९३ ते २००८ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदविलेल्या आणि रोग्याच्या मृत्यूशी निगडित असलेल्या १,१५० अपयशांचे विश्लेषण केले गेले. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के प्रसंगी यंत्र शक्ती साठविताना किंवा धक्का देताना अडखळले होते, आणि सुमारे २३ टक्के प्रसंगी दोष बॅटरीच्या शक्तीचा होता. यांतील प्रत्येक मृत्यू यंत्रामुळेच ओढवला असे म्हणता येत नाही, कारण असे रोगी यंत्र निर्दोष असतानाही दगावतात; परंतु बॅटरीचा दोष हा आधी कळावयास हवा असा दोष होय. २०१५ मध्ये याच प्रशासनाने या यंत्रांसाठी विक्रीपूर्व संमतीची कडक अट घातली, तेव्हा २००५ ते सप्टेंबर २०१४ या काळात अपयशाच्या सुमारे ७२,००० नोंदी आल्याचे त्याने सांगितले.

याहून उद्बोधक गोष्ट २००९-१० मधील आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही यंत्रांतील एका घटकात असा दोष निघाला की तो यंत्राच्या स्वपरीक्षणात दिसून येण्याची खात्री नव्हती. यंत्र स्वतःची परीक्षा घेई, स्वतःस उत्तीर्ण ठरवी आणि हिरवी खूण दाखवी. या प्रकरणाने दर्शकाच्या विधानाची खरी मर्यादा उघड केली. हिरवी खूण ‘यंत्र सज्ज आहे’ असे सांगत नाही. ‘यंत्रास जे प्रश्न स्वतःस विचारता येतात, त्यांची उत्तरे मागच्या वेळी ठीक आली’ एवढेच ती सांगते. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे व्याप्ती सोपाधिक आहे. अग्नी असला तर धूर असतोच असे नाही. ओले इंधन ही त्याची उपाधी होय. तसेच हिरवी खूण आणि सज्जता यांच्यामध्ये ‘परीक्षेत सर्व दोष सापडतात’ ही एक अदृश्य उपाधी उभी असते. वाचणारा ती पाहत नाही, आणि पाहावी अशी अपेक्षाही त्याच्याकडून करता येत नाही. ती पाहण्याची जबाबदारी परीक्षा रचणाऱ्याची आहे.

चिन्ह खरे असूनही निरुपयोगी ठरण्याचा प्रसंग महाराष्ट्राने पाहिला आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिक येथील एका रुग्णालयाच्या आवारातील ऑक्सिजनच्या टाकीस गळती लागली. पांढऱ्या वाफेचे लोट आवारभर पसरलेले सर्वांस दिसत होते. याहून स्पष्ट लिंग कल्पिणे कठीण. तरीही पुरवठ्याचा दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. चिन्ह आणि उपाय यांच्यामध्ये जो अवधी लागतो, तो रोग्यापाशी नव्हता. तातडीच्या प्रसंगी कळणे पुरेसे नसते. वेळेवर कळणे आणि कळल्यावर करण्याजोगे काही हाताशी असणे, या दोन्ही गोष्टी लागतात. सज्जतेची खूण म्हणूनच धोक्याच्या खुणेहून मोलाची आहे. ती आपत्तीच्या आधी, सवड असताना बोलते.

७

सवड असताना बोलणाऱ्या या खुणेची अखेरची अडचण अशी की सवडीच्या वेळी तिच्याकडे पाहण्याचे कोणासही कारण नसते. या बाबतीत जपानचे उदाहरण अभ्यसनीय आहे. तेथे जुलै २००४ पासून सामान्य नागरिकांस एईडी वापरण्याची मोकळीक मिळाली आणि यंत्रे झपाट्याने सर्वत्र बसविली गेली. एप्रिल २००९ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने यंत्रे बसविणाऱ्यांस सूचना दिली : प्रत्येक यंत्रासाठी तपासणीस नेमावा, त्याने रोज दर्शक पाहावा, आणि पट्ट्या व बॅटरी बदलण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी यंत्रावर दिसेल अशी लावावी.

या सूचनेत नवे यंत्रशास्त्र काहीच नाही. स्वतःची परीक्षा स्वतः घेणारे यंत्र निर्माण झाल्यावर मनुष्याची गरज सरली, असा जो समज झाला होता, तो तिने दुरुस्त केला. कागदाची चिठ्ठी हे या सर्व इतिहासातील सर्वांत साधे चिन्ह. तिला वीज लागत नाही आणि ती आपली मर्यादा तारखेच्या रूपाने स्वतःच सांगते. हिरवा दिवा ‘आता’ असे म्हणतो, चिठ्ठी ‘अमुक दिवसापर्यंत’ असे म्हणते. दोहोंची विधाने वेगळी असल्यामुळे एकाच्या चुकीस दुसरे आवर घालू शकते.

ॲबट्स रिप्टनच्या गोठलेल्या हातापासून भिंतीवरील लुकलुकत्या दिव्यापर्यंतचा हा प्रवास पाहता एक गोष्ट ध्यानात येते. धुरास साक्षीची गरज नसते. कोणी पाहो न पाहो, अग्नी असला तरच तो निघतो. मनुष्यनिर्मित चिन्हाची व्याप्ती मात्र मनुष्यानेच राखावी लागते : प्रथम रचनेत, मग परीक्षेत, आणि शेवटी रोजच्या पाहण्यात. रचनाकाराने मौनास ‘असज्ज’ हा अर्थ दिला, तरी ते मौन ऐकणारा कोणी नेमलेला नसेल तर तो अर्थ कोणापर्यंत पोहोचत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकासेवा सुरू झाली, आणि सार्वजनिक ठिकाणी अशी यंत्रे बसविण्याची चर्चाही होत असते. यंत्र बसविण्याच्या आदेशातच त्याचा दर्शक रोज कोणी पाहावयाचा आणि त्याची नोंद कोठे करावयाची, ही दोन वाक्ये घालावयास हवीत. त्यांच्यावाचून भिंतीवर केवळ एक दिवा बसविला जातो.